स्वतःची सायकल विमानातून परदेशात न्यायची आहे. ती मोडू नये म्हणून पॅकिंग कसं करावं?

डिस्क ब्रेकवाली रोड सायकल घेऊन तुम्ही दोन आठवड्यांसाठी परदेशात निघालाय. खोका कसा भरायचा आणि सोबत काय ठेवायचं, हा तुमचा प्रश्न आहे. पण खोका शोधण्याआधी तिकिटाचं बघा. सायकल तिकीट काढतानाच नोंदवा. मध्ये विमान बदलायचं असेल तर दुसऱ्या टप्प्याचं विमान बऱ्याचदा लहान असतं आणि पहिल्यात मावलेला खोका तिथे नाकारला जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी विमान कंपनीचा होकार लेखी घ्या. वजनाची मर्यादा बहुधा २३ किलो असते, आणि ३२ किलोंच्या वरचा एक नग सहसा कुणीच घेत नाही. निघण्यापूर्वी घरीच वजन करा.

आता मुख्य गोष्ट. सायकल आपटून मोडते तेवढीच बाजूने दाबली जाऊनही मोडते. खोका आडवा टाकला जातो आणि त्यावर इतर बॅगा चढतात. त्यामुळे बबल रॅपचे थर वाढवण्यापेक्षा बाजूला डोकावणारे भाग आत घेणं आणि पोकळ जागांना आतून आधार देणं जास्त महत्त्वाचं.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जिथे बसतो तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा बनवतात, त्यामुळे थोड्या दाबानेही वाकतो. तो वाकला की गिअर नीट बसत नाहीत. डिरेलर सगळ्यात मोठ्या चकतीवर असेल तर स्पोकमध्येही अडकू शकतो. म्हणून केबल न काढता, फक्त अ‍ॅलन कीने डिरेलर हँगरपासून सोडवा, फोममध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत केबल टायने बांधा. हँगर फ्रेमनुसार वेगळा असतो आणि परक्या गावात नेमका तुमचा मिळेल याची खात्री नसते, म्हणून एक जादा हँगर सोबत ठेवाच.

सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचा मोठा पुठ्ठ्याचा खोका मिळत असेल तर मागचं चाक काढूच नका, असं माझं मत आहे. चाक जागेवर असलं की मागच्या त्रिकोणाला आपोआप आधार मिळतो. पुढचं चाक काढावंच लागतं. मग फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन पायांमधलं आतलं अंतर मोजा, तेवढा कडक प्लास्टिक पाइपचा तुकडा कापून मधे ठेवा आणि त्यातून सायकलचाच अ‍ॅक्सल (चाकाचा आस) घालून हलका आवळा. दुकानात नव्या सायकलीसोबत आलेला प्लास्टिकचा तुकडा मिळाला तर तोही चालेल. काढलेल्या चाकाची डिस्क सोडवून पुठ्ठ्यात घाला. पाव मिलिमीटर वाकली तरी ती ब्रेक पॅडला घासते. काढलेल्या चाकाच्या कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागात) पॅडच्या मधे जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा तुकडा नक्की घाला. तो नसताना प्रवासात ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येतात आणि चाक परत बसत नाही.

पेडल दोन्ही काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकच नियम लक्षात ठेवा: पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या दिशेने फिरवला की पेडल सुटतं, पुढच्या दिशेने आवळतं. सीट पोस्ट काढण्याआधी उंचीच्या जागी इन्सुलेशन टेप गुंडाळा. हँडल सोडवताना स्टेमच्या (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याच्या) तोंडावरची पट्टी काढा, पण स्टेम फोर्कवरच राहू द्या. तो काढला तर फोर्क खाली सरकतो आणि हेडसेटचं (हँडल वळतं त्या सांध्याचं) बेअरिंग पुन्हा जुळवत बसावं लागतं. पट्टी आणि स्क्रू लगेच जागेवर परत लावा, सुटे ठेवलेले स्क्रूच हरवतात.

टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण काढू नका. अगदी निर्वात जागेतसुद्धा टायरमधला दाब जास्तीत जास्त १५ पीएसआयने वाढल्यासारखा होतो, त्यामुळे तो फुटायची भीती नाही. २०–३० पीएसआय हवा राहिली तर रिमला गादी मिळते आणि ट्यूबलेस टायरची कड सुटत नाही. काही विमान कंपन्या हवा काढायला सांगतात. तुमच्या कंपनीचा नियम बघा.

सुरक्षा तपासणीत तुमचा खोका एखादी अनोळखी व्यक्ती उघडेल आणि घाईत बंद करेल हे गृहीत धरा. त्यामुळे आत एकही भाग सुटा नको, सगळं फ्रेमला बांधलेलं हवं. पॅकिंगचा फोटो छापून झाकणाच्या आतून चिकटवा. पेडल आणि सुटे राहिलेले स्क्रू एका पिशवीत घालून तीही फ्रेमला बांधा. टेप गुंडाळण्याआधी फ्रेम नंबरचा फोटो काढा, विम्यासाठी लागेल. विम्याच्या कागदात एका वस्तूची कमाल भरपाई किती आहे तेही वाचा.

पॉवर बँक आणि जादा लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच हव्यात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तास भरते. गिअर इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांची सुटी निघणारी बॅटरीही काढून केबिनमध्ये घ्या. टायर भरायच्या गॅसच्या छोट्या नळ्या न नेता हातपंप न्या. पंक्चरचं सोल्युशन ज्वलनशील असतं, म्हणून सोल्युशन न लागणारे पॅच घ्या. स्प्रेचे डबे घरीच ठेवा.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करून घेऊ नका. नव्या केबल ताणल्या जातात, नवे पॅड बसायला वेळ लागतो. तीन आठवडे आधी करा आणि मग पूर्ण ओझं घेऊन शंभरेक किलोमीटर चालवा. नंतर सोबत नेणार तेवढ्याच हत्यारांनी सायकल घरी एकदा सोडवून पुन्हा जोडा. कुठला पाना कमी आहे ते तेव्हाच कळतं. याशिवाय दोन ट्यूब, तुमच्या चेनच्या स्पीडचा (मागच्या चकत्यांच्या संख्येनुसार) एक जोड-दुवा, ब्रेक पॅडचा एक जोड आणि तुमच्या चाकांच्या मापाचे दोन-तीन स्पोक घ्या. मागच्या चाकात डाव्या-उजव्या स्पोकची लांबी बहुधा वेगळी असते, दोन्ही मापं घ्या.

हेल्मेट, बूट आणि कपड्यांचा एक जोड केबिन बॅगेत ठेवा. पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या तळाच्या बेअरिंगच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं माप लिहून घ्या. सायकल उशिरा पोहोचली तर भाड्याच्या सायकलवर निघता येईल. मात्र तिथे पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते आधी दाबून बघा, देशागणिक हे उलटं असतं.

पोहोचल्यावर जोडताना हँडलचे स्क्रू आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळायच्या जोराइतकेच) आवळा. बहुतेकदा तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ब्रेक मऊ लागला तर सायकल सरळ उभी ठेवून लिव्हर दहा-बारा वेळा दाबा, ब्रेकच्या तेलातला हवेचा बुडबुडा वर येतो. तरी मऊच राहिला तर दुकानात ब्लीड करून (तेलातली हवा काढून) घ्या, तसाच उतारावर नेऊ नका. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन स्क्रू सैल करा आणि लिव्हर दाबून धरून पुन्हा आवळा.

प्रवास जिथे सुरू होतो तिथेच संपणार असेल तर पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलला खोका ठेवून घ्याल का, हे आधीच विचारा. शेवट दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या सायकल दुकानाला आठवडाभर आधी निरोप पाठवून खोका राखून ठेवायला सांगा. परतीसाठी टेपचा एक रोल आणि दहाएक केबल टाय बॅगेच्या तळाशी टाकून ठेवा.