अमेरिकेतला काउंटी एक्स्टेन्शन डायरेक्टर (काउंटीच्या, म्हणजे साधारण जिल्ह्याच्या, कृषी विस्तार ऑफिसचा प्रमुख) म्हणजे आपला तालुका कृषी अधिकारीच का?

नाही. आपला अधिकारी राज्याच्या कृषी खात्याचा, आणि त्याचा बराच वेळ योजना-अनुदानात जातो. तिकडे अनुदानाचं काम वेगळ्या ऑफिसकडे असतं. डायरेक्टर बहुतेक राज्यांत विद्यापीठाच्या नोकरीत असतो. ही विस्तारसेवा देशभर उभी करणाऱ्या १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्यापासून पैसा केंद्र, राज्य आणि काउंटी अशा तीन खिशांतून येतो. खरी कसरत तिथेच! साहेब विद्यापीठात, पण ऑफिसची जागा आणि क्लार्कचा पगार यांसाठी हात पसरायचे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या कमिशनरांपुढे. म्हणून बजेटच्या आधी फोर-एच या एक्स्टेन्शनच्याच मुलांसाठीच्या उपक्रमातली मुलं आपापली वासरं जत्रेत मिरवताना कमिशनरांना दिसलेली बरी. बाकी पिशवीत टोमॅटोची डागाळलेली पानं घेऊन येणारे रोजचेच. त्यांना बहुधा मास्टर गार्डनर, म्हणजे एक्स्टेन्शननेच बागकामाचं प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक, सांभाळतात.