बिबट्याच्या तोंडाचं मोठं कडं घालायला संकोच वाटतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जुन्या वस्तूंच्या दुकानातून अमेरिकी डिझायनर केनेथ जे लेनचं बिबट्याच्या तोंडाचं कडं हौसेनं घेतलं, पण 'खोटं, त्यात एवढं मोठं, भडक दिसेल' म्हणून ते कपाटातच पडून आहे.

काढा ते बाहेर! ते लोकांच्या नजरेत भरावं म्हणूनच घडवलंय. हा लेन आधी बुटांची डिझाइन्स करायचा. बुटांवरचे चमकते खडे त्यानं स्वस्त प्लॅस्टिकच्या बांगड्यांवर चढवले आणि १९६३ च्या सुमारास तो दागिन्यांकडे वळला. एवढा मोठा प्राणी सोन्या-हिऱ्यांत घडवायचा तर तो परवडणार कोणाला? खोट्यात हात मोकळा राहतो. आणि खोट्याची लाज कसली? १९८९ मध्ये नवऱ्याच्या, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या, शपथविधीच्या सोहळ्यात बार्बरा बुश यांच्या गळ्यात लेनच्याच खोट्या मोत्यांची तीनपदरी माळ होती.

माझ्याकडे त्याच्याही आधीचा, १९४० च्या दशकातला, ट्रायफारी या खोट्या दागिन्यांच्या कंपनीचा कोंबडा आहे. ब्रोच. अशा ब्रोचना 'जेली बेली' म्हणतात, कारण पोटाच्या जागी ल्युसाइट या प्लॅस्टिकचा पारदर्शक, फुगीर तुकडा असतो. माझ्या कोंबड्याच्या मागे 'स्टर्लिंग', म्हणजे चांदी, असा शिक्का आहे: महायुद्धात नेहमीच्या धातूंवर निर्बंध आले, तेव्हा खोट्या दागिन्यांनाही चांदी वापरावी लागली. मला त्याचं पोट फार आवडतं. मागून ते उघडं असल्यामुळे खालच्या कापडाचा रंग त्यात उतरतो. हिरव्या इरकलीवर कोंबडा हिरवा, जांभळीवर जांभळा!

तसं प्राणी अंगावर घालणं आपल्याला नवं नाहीच, पायाच्या बोटांत मासोळ्या असतातच की.

कडं घालाल तेव्हा त्या हातात दुसरं काही नको, घड्याळसुद्धा नको. अंगावर एका वेळी एकच प्राणी. साडी किंवा कुर्ता एकरंगी, बाही कोपरापर्यंत. ब्रोच असेल तर पदराच्या निऱ्या खांद्यावर एकत्र येतात तिथे लावा आणि मागे जाड कापडाचा तुकडा धरा, नाहीतर वजनानं रेशीम फाटतं.

पाण्यापासून मात्र जपा. खडे डिंकानं चिकटवलेले असतील तर आत ओल गेली की मागचा चंदेरी मुलामा काळा पडतो, आणि तो परत येत नाही. अत्तर आधी लावा, कडं शेवटी चढवा. घरी आल्यावर कोरड्या मऊ फडक्यानं पुसून ठेवा. बिजागरी असेल तर कडं ताणून उघडू नका. मनगट आडवं करून त्याच्या अरुंद बाजूनं कड्याच्या फटीतून आत सरकवा.