आधी कोडं घाल, मग मत दे

इंदूर

अनेक आशीर्वाद.

'यंत्र माणसासारखा विचार करतं का?' या तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. मतं फार, तपास काहीच नाही. संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंगनंही 1950 च्या लेखात हा प्रश्न बाजूला ठेवून तपासता येईल असा खेळ मांडला होता: लेखी प्रश्नोत्तरांवरून समोर माणूस आहे की यंत्र, हे परीक्षकानं ओळखायचं. पण त्यात नुसतं बोलघेवडं यंत्रही निभावून जातं. म्हणून तू चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटला कोडं घाल.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडं तुला ठाऊकच आहे. नावाड्यासोबत एकच मावतं, आणि तो नसताना वाघ शेळी खातो, शेळी गवत, म्हणून सात खेपा. आता होडीत तिन्ही एकदम मावतात असं सांग. उत्तर एक खेप. यंत्रानं तरीही सात खेपा मोजल्या, तर ते कोड्याचा तोंडवळा ओळखून जुनंच उत्तर म्हणतंय. मग मूळ कोडंच वेश बदलून विचार: महेश्वरचा घाट, मांजर, उंदीर आणि शेवेचा पुडा. पुन्हा तेच आपल्या हिंदीमिश्रित इंदुरी मराठीत.

दर वेळी नवा संवाद उघड, कारण आधीचा मजकूर पुढच्या उत्तरात उतरतो. इंटरनेटवरचा शोध बंद ठेव. प्रत्येक प्रश्न दहादा तरी विचार. उत्तर लिहिताना मजकुराचा पुढचा तुकडा शक्यतेच्या वजनानं, सोडतीसारखा निवडला जातो, त्यामुळे एकदा बरोबर आलं याला फारसा अर्थ नाही. 'नक्की ना?' म्हणू नकोस, बरोबर उत्तरही फिरू शकतं. 'राजवाडा' उलटा लिहायला लावण्यासारख्या गमती गाळ. यंत्राला सुटी अक्षरं नाही, टोकन म्हणजे मजकुराचे तुकडे मिळतात. ती चूक वाचण्यातली.

हीच कोडी घरातल्या पाच-सहा जणांनाही घाल. मसुद्यात हे अजिबात नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घाईत एखादा काकाही सात खेपा सांगून बसेल. मग 'चुकलं म्हणजे विचार नाही' हा तुझा मुद्दा कोसळतो. उत्तरामागचं कारण विचारलंस तर यंत्र छान कारण देईल, पण ती आत घडलेल्याची नोंद असेलच असं नाही. माणसाचंही कारण बऱ्याचदा मागाहून जुळवलेलं असतं, हे मानसशास्त्रज्ञ निस्बेट आणि विल्सन यांनी 1977 मध्ये दाखवलं होतं.

तत्त्वज्ञ जॉन सर्लचा 1980 चा आक्षेप, की नियम बघून चिनीत उत्तरं देणाऱ्याला चिनी कळत नाही, या परीक्षेनं सुटणार नाही. तो वेगळा मांड, नाहीतर सभेतला पहिलाच प्रश्न तुला अडवेल.

उत्तरं चुकांसकट जशीच्या तशी उतरव आणि कागद घेऊन ये.