व्हॅलेन्सियाला जा, पण मार्चमध्ये नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, नाशिकला नोकरी, हातात पगार 46,000. घरखर्च 28,000, गाडीचा हप्ता 4,200. पुण्याच्या मैत्रिणीबरोबर मार्चमध्ये, फायासच्या उत्सवात, आठ दिवस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जायचंय. माणशी 1,90,000 लागतील, तुमच्याकडे साठलेत 1,10,000. बाकीच्या 80,000 साठी एफडी मोडायची, पर्सनल लोन काढायचं की मैत्रिणीकडून उसने घ्यायचे?

तिन्ही नकोत. सहल रद्दही करू नका, सप्टेंबरवर ढकला.

14 टक्क्यांनी वर्षभराचं कर्ज घेतलंत तर हप्ता 7,200 च्या आसपास बसेल. एकूण व्याज 6,200, म्हणजे व्याजाने काही बुडणार नाही. पण आज महिन्याला 13,800 उरतात ते 6,600 वर येतील, तेही वर्षभर. एफडीचे दीड लाख म्हणजे घराचे जेमतेम साडेचार महिने. त्यातले 80,000 काढले की दोनच महिने उरतात, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच वर्षी आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्या पैशाला हात लावू नका. मैत्रिणीचे पैसे बिनव्याजी, तरीही नकोत. व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट लागतं, आणि अर्जाच्या तोंडावर एकदम जमा झालेली मोठी रक्कम तिथे डोळ्यावर येते.

तुमचा खर्चाचा तक्ता मी दोनदा पाहिला. खोली रात्रीला 140 युरो धरलीय, कारण 15 ते 19 मार्चला अख्खं शहर भरलेलं असतं. आणि शेवटच्या ओळीत ‘इतर : 5,000’. व्हिसा कुठेच नाही! शेंगेन व्हिसाची (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) नुसती फी 90 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि किमान 30,000 युरो कव्हरचा प्रवास विमा. अर्ज नाकारला गेला तर फी परत मिळत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धाचा हिशेब, युरो 105 रुपये धरून: विमान 62,000, व्हिसा-विमा 13,000. 70 युरोच्या खोलीचा तुमचा अर्धा वाटा, सात रात्रींचे 25,700. जेवण रोज 30 युरो, म्हणजे 25,200. मेट्रो आणि तिकिटं 12,600. हाताशी राखीव 10,000. बेरीज 1,48,500. कमी पडतात साधारण 38,500. आठ महिने 5,000 ची आरडी लावलीत की भागलं.

खोली जुन्या गावात नको, बेनिमाक्लेतला बघा. विद्यार्थ्यांची वस्ती आहे, आणि विमानतळावरून मेट्रोची 3 नंबरची लाइन थेट तिथे जाते. मोठं जेवण दुपारीच करा: आठवड्याच्या दिवसांत ‘मेनू देल दिया’ (ठरलेल्या किमतीचं दिवसाचं जेवण) मिळतो, बहुतेक ठिकाणी 12 ते 15 युरोत पोटभर. पाएया, म्हणजे तिथला प्रसिद्ध भाताचा पदार्थ, तर तिथे दुपारचंच जेवण, आणि बऱ्याच ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात, तेव्हा मैत्रीण बरोबर असल्याचा तो फायदा. सप्टेंबरात शहराजवळच्या आल्बुफेरा सरोवराकाठच्या खाचरांत त्याच भाताची कापणी चालू असते. तुरिया नदीचं जुनं पात्र 1957 च्या पुरानंतर वळवलं, तिथे आता मैलोन् मैल बाग आहे. फिरायला पैसा लागत नाही.

फायास हुकेल, याचं वाईट वाटणार. 19 तारखेच्या रात्री उत्सवात उभारलेले भव्य पुतळे जळताना बघायची ओढ मला समजते. पण 1934 पासून जवळजवळ दरवर्षी लोकांच्या मतांनी एक पुतळा आगीतून वाचवतात. ते सगळे तिथल्या फायास संग्रहालयात उभे आहेत, तिथे नक्की जा.

कार्ड वापरताना मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर तिथलं मशीन स्वतःच्या सोयीने लावतं.

आता मैत्रिणीबद्दल. तिचा पगार तुमच्या दुप्पट आहे, आणि 140 युरोची खोली तिनेच सुचवलीय. तिच्या मनात काही वावगं नाही, तुमचा आकडा तिला माहीतच नाही. तो सांगा. खोली निम्मी-निम्मी. जेवणासाठी एक सामाईक पाकीट ठेवा, रोज प्रत्येकीचे 25 युरो त्यात. दोघींचं जेवण त्यातूनच, तुमचे उरलेले 5 युरो कॉफीला. तिला महागड्या ठिकाणी जेवायचं असेल तर तिने एकटीने खुशाल जावं, तुम्ही त्या संध्याकाळी मालवारोसाच्या किनाऱ्यावर बसा. हे सगळं तिकीट काढायच्या आधी बोला, तिथे बिल समोर आल्यावर नको.

आरडी पगाराच्या दुसऱ्या दिवशीची लावा. मार्च उलटला की व्हिसाच्या अपॉइंटमेंटकडे लक्ष ठेवा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.