वाचकांचे प्रश्न : चालीवर लिहिलेले गीत आणि शांताबाई

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात शांता शेळके यांच्या गीतांवर चर्चा झाली. ‘नाटक-चित्रपटांची गीते तयार चालीवर बेतलेली असतात, म्हणून ती कविता नव्हेत,’ असे एका ज्येष्ठ सदस्यांचे मत पडले. ते योग्य आहे का? तसेच वसंत अवसरे हे गीतकार कोण होते?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हे मत मला मान्य नाही, कारण ते मान्य केल्यास आपल्या संगीत रंगभूमीचा पायाच नाकारावा लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदे लोकांच्या कानावर असलेल्या चालींवर रचलेली होती. आणि पुढे १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी व १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, त्या चालींच्या वजनात या दोन्ही नाटकांचे लेखक कृ. प्र. खाडिलकर यांनी शब्द बसवले. चालीवर लिहिणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे आणि शांताबाई त्याच परंपरेतल्या आहेत.

अर्थात चाल आधी असली, तरी शब्द कसेही बसवून भागत नाही. जिथे गायकाला स्वर लांबवायचा आहे तिथे दीर्घ, मोकळा स्वर हवा. तिथे जोडाक्षर आले तर तान अडखळते. रणजित देसाई यांच्या ‘हे बंध रेशमाचे’ या नाटकातील ‘काटा रुते कुणाला’ हे पद याच कानाने ऐकावे. ‘काटा’ आणि ‘कुणाला’ या शब्दांतील ‘आ’ या स्वरावर जितेंद्र अभिषेकींचा स्वर किती निर्धास्तपणे विसावतो, हे सहज ध्यानात येते. आता या पदाच्या मात्रा मोजून पाहा. ते आनंदकंद वृत्तात चोख बसते आणि प्रत्येक द्विपदीचा शेवट ‘आहे’ या शब्दावर होतो. गायकाची सोय, वृत्ताची शिस्त आणि पात्राची वेदना या तिन्ही गोष्टी एका ओळीत सांभाळणाऱ्या लेखणीला कवीची लेखणी म्हणायचे नाही, तर कोणाची म्हणायचे? तुमच्या मंडळात हे पद आधी नुसते वाचून दाखवावे आणि मगच ऐकवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

चित्रपटात अवकाश आणखी कमी असतो, कारण गीताला प्रसंग, पात्र आणि त्या पात्राची बोली यांचे बंधन असते. १९५० च्या ‘राम राम पाव्हणं’पासून शांताबाई या क्षेत्रात आल्या. ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या एकाच चित्रपटासाठी त्यांनी ‘रेशमाच्या रेघांनी’ ही ठसकेबाज लावणी आणि ‘शूर आम्ही सरदार’ हे वीरगीत लिहिले. दोन्ही गीते शेजारी ठेवली, तर ती एकाच व्यक्तीची आहेत हे सांगावे लागते. पात्रासाठी स्वतःची शैली बाजूला ठेवता येणे हे मला फार मोठे सामर्थ्य वाटते. त्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात काम केले, महाविद्यालयांत मराठी शिकवले, अनुवाद केले, त्यामुळे संस्कृत काव्यापासून कोळ्यांच्या बोलीपर्यंतचे शब्द त्यांच्या हाताशी होते. १९९६ च्या आळंदी येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ही गीतेही त्यांच्या वाङ्मयाचाच भाग होती.

आता वसंत अवसरे यांच्याविषयी. ते शांताबाईंचेच टोपणनाव. चित्रपट सेन्सॉर मंडळावर काम करीत असताना स्वतःच्या नावाने चित्रपटगीते लिहिणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून हे नाव त्यांनी घेतले. ‘अवघाची संसार’ (१९६०) मधील ‘जे वेड मजला लागले’ हे द्वंद्वगीत याच नावाने आलेले आहे. त्यामुळे त्यांच्या गीतांची यादी करताना या नावाची गीतेही त्यात अवश्य घ्यावीत.