शेजारच्या कॉलेजसोबत कार्यक्रम करायचाय? तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की दोन-तीन शेजारी कॉलेजांनी मिळून फेस्ट, नाटक, शिबिर असं काही करायचं तर नेमकं कुठे अडतं? पत्रं आणि मेल भरपूर आले. सगळ्यांना जागा देता येत नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : ताई, आमचं कॉलेज तालुक्याच्या गावात आहे, मुलं चारशेच्या आत. शेजारीच एक मोठं कॉलेज आहे. त्यांच्या फेस्टच्या पोस्टरवर दरवर्षी आमचं नाव 'सहयोगी महाविद्यालय' म्हणून असतं, पण तिथे जाऊन आम्ही करतो काय तर खुर्च्या लावतो, पाण्याचे जार उचलतो आणि टाळ्या वाजवतो. या वर्षी मी सांस्कृतिक प्रतिनिधी आहे. सर म्हणतात नाव येतंय ना, गप्प बस. मला गप्प बसवत नाहीये.
— दुसरं वर्ष बी. ए., सातारा जिल्हा

उत्तर : गप्प बसू नकोस, पण भांडायलाही जाऊ नकोस, कारण भांडण झालं की पुढच्या वर्षी पोस्टरवरचं नावसुद्धा जाईल आणि तुझ्या मागून येणाऱ्या मुलांना परत शून्यापासून सुरू करावं लागेल. सगळ्यात आधी वेळ बघ. फेस्टच्या आधी महिनाभर तुम्हाला बोलावतात तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, इव्हेंट ठरलेत, परीक्षक ठरलेत, स्पॉन्सर ठरलेत, मग उरतं काय, तर खुर्च्या. म्हणून ॲडमिशनची गडबड संपली की लगेच, जुलैतच, तुमच्या सांस्कृतिक विभागाच्या मॅडम किंवा सरांना घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि एकच गोष्ट मागायची : ठरवणाऱ्या समितीत आमची दोन मुलं पाहिजेत. व्हॉलंटिअर म्हणून नाही, ठरवायला.

दुसरं म्हणजे एक इव्हेंट अख्खा मागून घ्यायचा. अख्खा म्हणजे नियम तुम्ही लिहिणार, परीक्षक तुम्ही बोलावणार, निकाल तुम्ही जाहीर करणार आणि जमलं तर तो तुमच्याच पटांगणात होणार. कुठला मागायचा हे तुमच्याकडे काय आहे त्यावरून ठरव. शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव बघितला असशील तर तुला सांगायला नको, लोकनृत्य आणि लोकवाद्यवृंद सुरू झाला की खेड्यापाड्यातल्या कॉलेजची मुलं स्टेज हलवून सोडतात, कारण हलगी त्यांनी क्लास लावून शिकलेली नसते, ती गावच्या जत्रेतच कानात गेलेली असते, आणि धनगरांचं गजी नृत्य ज्याच्या घरात आहे त्याच्यासमोर शहरातल्या कोरिओग्राफरने बसवलेला ग्रुप फिका पडतो. तुमच्या चारशे मुलांत असं कोण आहे ते शोध. पथनाट्य असेल, भारूड असेल, नकला असतील. ते घेऊन जा आणि सांग की हा भाग आम्ही करतो. अंगावर घेतलेलं काम नीट पार पडलं की पुढच्या वर्षी ते आपणहून विचारतात.

आता पैशाचं. मोठ्या कॉलेजला स्पॉन्सर मिळतो तो गर्दीवर मिळतो. क्लासवाले, मोबाईलचं दुकान, पतसंस्था, दूध संघ, सगळे एकच विचारतात, मुलं किती येणार? त्या आकड्यात तुमची चारशे धरलेली असतात. म्हणजे तुमच्या जिवावर काही रक्कम आलेली असते, हे शांतपणे पण स्पष्ट म्हणायचं. स्पॉन्सरला जाणाऱ्या पत्रावर दोन्ही कॉलेजची नावं आणि दोन्ही प्राचार्यांच्या सह्या, खर्चाचा हिशोब दोन्हीकडे, सर्टिफिकेटवर दोन्ही लोगो. तोंडी काही नको. आज जे सर 'अरे आपलेच आहात' म्हणतात त्यांची पुढच्या वर्षी बदली होते आणि नवीन सरांना काहीच माहीत नसतं.

आणि तुझ्या सरांना पटवायचा रस्ता सांगते. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात दुसऱ्या संस्थांबरोबरचे सामंजस्य करार आणि त्या कराराखाली खरंच काय उपक्रम झाले हे बघतात. नुसतं पोस्टरवर नाव येऊन तिथे काही दाखवता येत नाही, लेखी करार आणि त्याखाली झालेला कार्यक्रम दाखवता येतो. हे सांगितलंस की तुझे सर स्वतः उठून तुझ्याबरोबर येतील, बघ.

एवढं लांब लिहिलं कारण हा प्रश्न फक्त तुझा नाहीये. छोट्या कॉलेजला पाहुणा म्हणून बोलवायचं आणि त्याला सहकार्य म्हणायचं, हे मला मनापासून खटकतं. ठरवण्यात वाटा नसेल तर ते मिळून केलेलं नाहीच.

प्रश्न : आमच्याकडे ॲक्टर आहेत पण लिहिणारं कोणी नाही, शेजारच्या कॉलेजात लेखक-दिग्दर्शक आहे पण त्यांची टीमच होत नाही. दोघांनी मिळून पुरुषोत्तमला उतरता येईल का?
— पुणे, एस. वाय.

उत्तर : नाही रे. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजच्या संघांची स्पर्धा आहे, १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था घेतेय, आणि तिचा जीवच त्यात आहे की आपल्या कॉलेजचं नाटक आपल्याच मुलांनी उभं करायचं. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू होतं ते त्यासाठीच. बाहेरचा मुलगा चोरून घ्यायचा विचार तर अजिबात नको, आयकार्ड बघतात आणि नाही बघितलं तरी करू नये.

पण स्पर्धेत एकत्र उतरता येत नाही म्हणून तालमीत एकत्र येऊ नये असं कुठे आहे? तुमच्या हॉलची वेळ त्यांना द्या, त्यांच्याकडचे लाइटचे स्पॉट आणि डिमर तुम्ही वापरा, आणि मुख्य म्हणजे स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी एकमेकांसमोर रन-थ्रू, म्हणजे अख्खं नाटक सलग करा. परक्या मुलांसमोर नाटक केलं की कुठे पडतंय ते लगेच कळतं, घरचे लोक सगळ्यालाच भारी म्हणतात. २०२२ ला परीक्षकांनी करंडकाच्या लायकीचं नाटकच झालं नाही म्हणून करंडक कोणालाच दिला नव्हता, तेव्हा किती आरडाओरडा झाला होता. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की आपली मुलं एकमेकांचं काम स्पर्धेच्या आधी बघतच नाहीत, थेट निकालालाच भेटतात.

आणि तुम्हा दोघांना खरंच एकत्र नाटक करायचं असेल तर स्पर्धेबाहेर करा. दिवाळीनंतर कुठलातरी हॉल घ्या आणि दोन्ही कॉलेजची मुलं मिळून प्रयोग लावा. फक्त दुसऱ्याची संहिता घेतली तर लेखकाचं परवानगी पत्र आणि बाहेरच्या प्रेक्षकांसाठी प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, या दोन्हीला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका.

प्रश्न : माझी मुलगी एफ. वाय. ला आहे. तीन कॉलेज मिळून डान्स बसवतायत आणि प्रॅक्टिस तिच्या कॉलेजात नाही, दुसऱ्याच कॉलेजात असते, रात्री नऊ-साडेनऊ होतात. तिला अडवायचं नाहीये, पण तिथे काही झालं तर जबाबदार कोण हेच कळत नाही. दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांकडे बोट दाखवतात.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही अडवत नाही आहात हे वाचूनच बरं वाटलं. काळजी मात्र अगदी रास्त आहे.

जबाबदारीबद्दल नियम स्पष्ट आहे, फक्त तो फार कमी लोकांना माहीत असतो. लैंगिक छळाविरुद्धचे यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत, त्यात लिहिलंय की दुसऱ्या संस्थेत एखाद्या उपक्रमात भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यासोबत तिथे असा प्रकार घडला तर या नियमांपुरता तो विद्यार्थी त्याच संस्थेचा धरला जाईल. म्हणजे 'ती आमची विद्यार्थिनी नाही' असं म्हणून यजमान कॉलेजला हात झटकता येत नाहीत, त्यांच्या अंतर्गत तक्रार समितीला तक्रार घ्यावीच लागते. त्या समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर तिन्ही कॉलेजच्या मुलींच्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी टाकायला सांगा. यात कोणावर संशय घेण्यासारखं काही नाही.

बाकी साध्या गोष्टी. प्रॅक्टिसला एक तरी शिक्षिका थांबणार का, नसेल तर प्रॅक्टिस साडेसातला संपवा. तीन कॉलेज आहेत तर जागा आलटून पालटून ठेवा, म्हणजे रोज एकाच बाजूच्या मुलींना लांब जावं लागणार नाही. हे तुम्ही एकट्या म्हणालात तर 'फार काळजी करतात' असं होतं, चार आया मिळून प्राचार्यांना एक पत्र द्या.

प्रश्न : या सगळ्याचे क्रेडिट मिळतात का?
— बी. कॉम., अमरावती

उत्तर : मिळू शकतात. नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सहअभ्यासक्रम म्हणून एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांना क्रेडिट आहेत, पण ते सेमिस्टरभर नोंदवलेल्या तासांचे असतात, एका दिवसाच्या फेस्टच्या सर्टिफिकेटचे नाही. दुसऱ्या कॉलेजात जाऊन केलेले तास धरायचे असतील तर ते आधी तुझ्या कॉलेजच्या समन्वयकाकडून लिहून घे, नंतर सह्या गोळा करत फिरू नकोस. आणि क्रेडिट नाही मिळाले तरी जा बाबा.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी आहे. यंदा गावातली चार कॉलेजं मिळून एकच स्नेहसंमेलन करायचं चाललंय. मुलांना रात्री मोठा डीजे आणि गायक हवाय. प्राचार्य घाबरलेत, मुलं चिडलीत, मी मध्ये. काय सांगू?
— एक प्राध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : सर, प्राचार्यांची भीती बिनबुडाची नाही. २५ नोव्हेंबर २०२३ ला केरळात कोचीन विद्यापीठात टेक फेस्टच्या संध्याकाळी गायिकेचा कार्यक्रम होता, खुल्या प्रेक्षागृहाच्या बाहेर गर्दी थांबलेली, तेवढ्यात पाऊस आला आणि सगळे एकदम आत घुसले, उतरत्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चार जण गेले. कोणी मारामारी केली नव्हती, कोणी दारू पिऊन आलं नव्हतं, बाहेर थांबलेली मुलं आणि अचानक आलेला पाऊस, बस. चार कॉलेजची मुलं एका पटांगणात आणणार असाल तर आधी गेट मोजा. आत यायचं एक, बाहेर पडायचं वेगळं, आणि गेटजवळ पायऱ्या किंवा उतार असेल तर तिथे गर्दी थांबवूच नका. चारही कॉलेजचे आयकार्ड चालतील, पण पास आधीच कॉलेजवार वाटून टाका म्हणजे त्या दिवशी गेटवर वाद होत नाही. पोलीस स्टेशनला पत्र, ॲम्ब्युलन्स, अग्निशमनला कळवणं हे तर आहेच.

डीजेचं मुलांना समोर बसवून सांगा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, हे २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहे, बारापर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच देतं. आणि रुग्णालय, कोर्ट, शाळा-कॉलेजच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, त्यामुळे परवानगी कुठल्या जागेसाठी मागताय ते आधीच पोलिसांशी बोलून घ्या. गाण्यांचंही एक बघा. कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेला सूट आहे, पण रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची तर प्रेक्षक त्याच संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोक एवढेच असले पाहिजेत. चार कॉलेजं आणि वर गावातले लोक आले की त्या सवलतीवर विसंबून राहू नका, लायसन्सचं आधी विचारून घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बाहेरच्या गायकावर जी रक्कम जाणार आहे त्यातली निम्मी चार कॉलेजच्या मुलांच्याच बँडला, ऑर्केस्ट्राला द्या आणि कार्यक्रम दुपारी चारला सुरू करून नऊला संपवा. गावाकडून येणाऱ्या मुलींना शेवटची एसटी मिळते आणि त्या पण शेवटपर्यंत थांबतात. रात्रीच्या कार्यक्रमाला अर्ध्या मुली नसतातच, मग ते चार कॉलेजचं संमेलन कसलं?

प्रश्न : आमच्या रस्त्यावर तीन कॉलेजं आहेत, पण फेस्टचे दोन दिवस सोडले तर कोणी कोणाला ओळखत नाही. वर्षभर चालेल असं काही सुचवा ना. बजेट नाही.
— कोल्हापूर

उत्तर : बजेट नाही हे चांगलंच आहे, त्यामुळे परवानग्या कमी लागतात. एनएसएसपासून सुरुवात करा. प्रत्येक युनिटचं सात दिवसांचं निवासी शिबिर असतंच, तिन्ही कॉलेजांनी लागून असलेली गावं निवडली तर दिवसा आपापल्या गावात काम आणि संध्याकाळचं व्याख्यान, पथनाट्य एकत्र असं सहज जमतं, वक्त्यालाही एकदाच यावं लागतं. दुसरं, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करणारी मुलं प्रत्येक कॉलेजात दोन-चारच असतात आणि एकटी पडतात, त्यांना विद्यापीठाच्या फेरीआधी एका वर्गात बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावा, विज्ञानवाल्याला कॉमर्सवाल्याने विचारलेला प्रश्न फार उपयोगी पडतो.

आणि तिसरं, सगळ्यात सोपं. महिन्यातला एक ठरलेला वार, दुपारी तीन, एक वर्ग. एकदा तुमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. कोणी कविता वाचेल, कोणी बघितलेल्या सिनेमावर बोलेल, कोणी गावातल्या कुस्तीच्या तालमीची किंवा चित्रनगरीची माहिती काढून आणेल. पहिल्या महिन्यात आठ जण आले तरी बंद करू नका आणि परीक्षेचा महिना सोडला तर वार बदलू नका, लोकांना वार लक्षात राहतो. तिन्ही प्राचार्यांना एकच पत्र लिहा, खाली तिन्ही कॉलेजच्या मुलांच्या सह्या घ्या, वर्ग फुकट मिळेल. पत्राचा मसुदा हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळव, पाठवते.