लोहाच्या गोळीबरोबर व्हिटॅमिन सी ची गोळी कशाला देतात? हिमोग्लोबिन कमी आहे, दोन्ही घ्यायलाच हव्यात का?

मलाही दोन वर्षांपूर्वी हीच जोडी मिळाली होती. हिमोग्लोबिन ९.१ आलं होतं. ती नारिंगी चघळायची गोळी चवीला छान, त्यामुळे निम्मी पट्टी मुलांनीच संपवली.

दोघांचा संबंध आहे, पण तो जेवणात जास्त आहे. पालेभाजी, नाचणी, कडधान्यं यांतलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं, आणि आतडं ते तसंच्या तसं घेत नाही. त्याचं फेरस, म्हणजे आतड्याला शोषता येणारं रूप, व्हावं लागतं. व्हिटॅमिन सी ते करतं, शिवाय धान्यातलं फायटेट किंवा चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं तेही रोखतं. फक्त दोन्ही एकाच वेळी पोटात हवीत. सकाळी पेरू आणि रात्री मेथीची भाजी, याचा लोहाला उपयोग नाही.

आता तुमच्या गोळीची पट्टी उलटून बघा. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट असं काही लिहिलं असेल तर त्यातलं लोह आधीच फेरस आहे, सी ला तिथे फारसं कामच उरत नाही. २०२० मध्ये चीनमधल्या ४४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसती लोहाची गोळी घेणाऱ्यांचं आणि सोबत सी घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच वाढलं. पण परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

माझं घोडं पेंड खात होतं ते चहापाशी. पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि ताटलीशेजारीच चहाचा कप. आता चहा तासाभराने घेते. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, पोह्यांबरोबर चहा नाही म्हणजे काय! लिंबूही गॅस बंद करून, ताटात पिळते, कारण उष्णतेने सी बरंच नष्ट होतं. खरं तर लिंबाच्या एका फोडीत ते थोडंच असतं. त्यापेक्षा जेवणासोबत पेरू किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर घ्या. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम सी असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशेबाने प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरतं.

आणि हिमोग्लोबिन कमी का झालं, ते शोधलंय का? माझ्या बाबतीत पाळीत अंगावरून फार जायचं. त्यावर उपचार झाले, तेव्हा कुठे आकडा ११ च्या वर टिकला.